एकच प्रश्न, वेगवेगळी कोठारं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे. निरनिराळ्या साठवणींवर चालणाऱ्या ग्राफ डेटाबेसची एकत्रित चाचणी. नाव ऐकून रेडिओचं बटण फिरवू नका. कारण हा सगळा खटाटोप शेवटी एका साध्या प्रश्नासाठी आहे. एखाद्या माणसाविषयी संगणकाला काही विचारलं, तर त्याचं उत्तर त्या माणसाच्या माहितीवर ठरावं, की ती माहिती कोणत्या कपाटात ठेवली आहे त्यावर? तुम्ही म्हणाल, यात विचारण्यासारखं काय आहे? अर्थातच माहितीवर. पण सॉफ्टवेअरची चाचणी घेणं हा माझा पेशा आहे, आणि अनुभव असा की कपाट बदललं की उत्तर बदलू शकतं, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

आधी ग्राफ म्हणजे काय ते पाहू. शाळेत आलेखाच्या कागदावर काढत होतो, तो हा नव्हे. हा ग्राफ म्हणजे ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. ठिपका म्हणजे माणूस, पत्ता, फोन नंबर, बँकेचं खातं, असं काहीही. रेघ म्हणजे त्यांच्यातलं नातं. आपल्याकडे लग्न जुळवताना नातं काढतात. ‘तुमची आत्या सांगलीला दिली ना? मग तिच्या धाकट्या जावेचा भाऊ आमच्या चुलतसासऱ्यांचा साडू.’ हे नातं काढताना जुनी माणसं वही उघडत नाहीत. एका माणसावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी चालत जातात. रकाने आणि ओळींच्या नेहमीच्या डेटाबेसमध्ये ही चाल महाग पडते, कारण प्रत्येक पावलाला एक तक्ता दुसऱ्या तक्त्याशी जुळवावा लागतो. ग्राफ डेटाबेसमध्ये रेघ हीच एक नोंद असते. तिच्यावरून सरळ पुढे चालायचं.

याचा उपयोग किती मोठा, याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २०१६ सालचे पनामा पेपर्स. एक कोटी पंधरा लाख कागदपत्रं, सुमारे २.६ टेराबाइट माहिती. कोणत्या कंपनीमागे कोण आहे आणि त्याच्यामागे आणखी कोण, हे शोधण्यासाठी त्या आंतरराष्ट्रीय शोधपत्रकारांनी निओफोरजे नावाचा ग्राफ डेटाबेस वापरला होता.

आता कोठारांकडे वळू. काही ग्राफ डेटाबेस आपली माहिती स्वतःच्या पद्धतीने स्वतःच साठवतात. काही मात्र साठवणीचं काम दुसऱ्यावर सोपवतात. जेनसग्राफ हा या दुसऱ्या प्रकारातला. २०१२ साली टायटन नावाचा एक खुला प्रकल्प आला. २०१५ साली त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. मग टायटनच्याच खुल्या कोडमधून २०१७ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जेनसग्राफ उभा राहिला. जेनस हा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव. एक तोंड प्रश्न विचारणाऱ्याकडे आणि दुसरं कोठाराकडे, असं आपण समजू.

त्याला कोठारं अनेक चालतात. बर्कली डीबी हे छोटं. ते त्याच प्रोग्रामच्या पोटात चालतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. कॅसँड्रा हे फेसबुकमध्ये जन्मलेलं आणि २००८ साली सर्वांसाठी खुलं झालेलं. त्यात एकाच नोंदीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. एचबेस हे गूगलने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या बिगटेबल या निबंधावरून घडलेलं. प्रश्न मात्र सगळीकडे एकाच भाषेत विचारायचा. तिचं नाव ग्रेमलिन, आणि ती टिंकरपॉप या अपाचे प्रकल्पाची. कोठार कोणतंही असो, प्रश्न तोच आणि उत्तरही तेच, असं हे आश्वासन आहे. प्रोग्रामर आपल्या लॅपटॉपवर छोट्या कोठारावर काम करतो, आणि प्रत्यक्ष वापरात तोच प्रोग्राम मोठ्या कोठारावर चालतो. घरच्या बैठकीत तालीम करावी आणि कार्यक्रम मोठ्या सभागृहात व्हावा, तसं. पण सभागृहात आवाज वेगळा घुमतो, हे गाणाऱ्याला माहीत असतं. प्रोग्रामरला ते चाचणीतून कळतं.

ही चाचणी कशी घेतात? टिंकरपॉपबरोबर नमुन्याचा एक चिमुकला ग्राफ येतो. सहा ठिपके, सहा रेघा. चार माणसं: मार्को, वदास, जोश आणि पीटर. दोन सॉफ्टवेअर: लॉप आणि रिपल. मार्को हा वदासला आणि जोशला ओळखतो. लॉप हे मार्को, जोश आणि पीटर या तिघांनी बनवलं. रिपल एकट्या जोशने. कागदावर दोन मिनिटांत काढता येईल एवढाच पसारा. पण एवढ्यातही प्रश्न सोपे नाहीत.

समजा विचारलं, प्रत्येक सॉफ्टवेअरपासून ते बनवणाऱ्याकडे जा आणि नावं सांग. ग्रेमलिन चार नावं देतो, कारण जोश दोन वाटांनी दोनदा सापडतो. आपल्याला माणसं हवी असतील तर उत्तर तीन. वाटा हव्या असतील तर चार. दोन्ही बरोबर. आता दुसरा प्रश्न. मार्कोने जे बनवलं, ते आणखी कोणी बनवलं? मार्कोपासून लॉपकडे जायचं, आणि लॉपपासून उलट यायचं. ग्रेमलिन सांगतो: मार्को, जोश, पीटर. म्हणजे मार्को स्वतःचाच सहकारी ठरला. हाच प्रश्न निओफोरजेच्या सायफर या भाषेत एका दमात विचारला, तर मार्को त्यात येत नाही. कारण एका जुळणीत तीच रेघ दोनदा वापरायची नाही, असा सायफरचा नियम आहे. ग्रेमलिनला तसं बंधन नाही. यात लबाड कोणीच नाही. दोघांची व्याकरणं वेगळी आहेत. ग्राफला प्रश्न विचारण्याच्या भाषेचं जीक्यूएल नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओने प्रसिद्ध केलं ते २०२४ च्या एप्रिलमध्ये. तोपर्यंत प्रत्येक भाषेने आपापला संसार थाटलेला होता.

म्हणून चाचणीचं पहिलं काम यंत्र सुरू करण्याच्या आधीचं आहे. बरोबर उत्तर कोणतं, ते माणसाने हाताने काढून लिहून ठेवायचं. टिंकरपॉपच्या अशा अनेक चाचण्या साध्या वाक्यांत लिहिलेल्या असतात. अमुक ग्राफ असताना, अमुक प्रश्न विचारला, तर अमुक उत्तर यावं. आणि त्यात एक छोटा पण फार मोलाचा शब्द असतो. उत्तर क्रमाने यावं, की कोणत्याही क्रमाने आलं तरी चालेल, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगावं लागतं. हा क्रमाचा मुद्दा किती खोल जातो, ते मी एका उदाहरणाने सांगतो.

एका वित्तसंस्थेचं काम माझ्या पाहण्यात आलं. नाव सांगण्याचं कारण नाही. छोटी कर्जं देताना अर्जदाराचा फोन नंबर किंवा पत्ता थकबाकीदाराशी जुळतो का, हे ते ग्राफमध्ये पाहत. जुळला तर अर्ज नामंजूर. काम वाढलं, म्हणून त्यांनी एका शनिवार-रविवारी माहिती छोट्या कोठारातून मोठ्या कोठारात हलवली. नियम तेच, माहिती तीच. सोमवारी एका शाखेतून विचारणा आली, की शुक्रवारी ज्या बाईंचा शिलाई मशीनसाठीचा अर्ज नामंजूर झाला, त्यांचाच अर्ज आज मंजूर कसा काय झाला?

शोधता शोधता एक फोन नंबर सापडला. तो तालुक्याच्या गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाचा होता. फॉर्म भरून देणारा दुकानदार, ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही किंवा नंबर पाठ नाही, त्यांच्यासाठी आपलाच नंबर घालत असे. त्या एका ठिपक्याला साडेतीनशेच्या वर रेघा जोडलेल्या होत्या. आणि प्रोग्राममध्ये, वेळ वाचावा म्हणून, पहिल्या शंभर रेघा पाहा अशी मर्यादा होती. पण पहिल्या म्हणजे कोणत्या? ते कोणी सांगितलंच नव्हतं. जुन्या कोठारात दोन थकबाकीदार पहिल्या शंभरात पडत. नव्या कोठारात नोंदींना ओळख क्रमांक वेगळ्या क्रमाने मिळाले, रांग बदलली, आणि ते दोघे शंभराच्या बाहेर गेले. म्हणजे शुक्रवारचा नकार आणि सोमवारची मंजुरी, दोन्ही रांगेच्या कृपेने. त्या बाईंचा त्या थकबाकीदारांशी संबंध एवढाच, की सगळ्यांनी एकाच दुकानात फॉर्म भरला होता.

श्रोतेहो, कोठार बदललं नसतं तर हे कधी उघडकीला आलं नसतं. एकच कोठार असेल तर तीच रांग रोज तशीच येते, आणि रोज तेच येतं म्हणून आपण ते खरं मानतो. दोन-तीन कोठारांवर तोच प्रश्न विचारून पाहण्याचा खरा लाभ हा आहे. उत्तरातला कोणता भाग आपण ठरवलेला आणि कोणता भाग आपोआप आलेला, हे तिथे वेगळं होतं. सामान हलवणाऱ्यांनी हे रविवारी करून पाहिलं असतं, तर शाखेला सोमवारी विचारावं लागलं नसतं.

क्रमाचा आणखी एक छुपा खेळ बेरजेत असतो. संगणक दशांश अपूर्णांक बहुधा अंदाजे साठवतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून त्यात ०.३ मिळवले, तर उत्तर ०.६ च्या किंचित वर जातं, दशांशचिन्हानंतर सोळाव्या घरात एक. तेच ०.२ आणि ०.३ यांची बेरीज आधी केली, तर उत्तर नेमकं ०.६ दिसतं. आता रेघांवरची वजनं ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने बेरीज होत असेल, आणि नियम ‘०.६ पेक्षा जास्त असेल तर’ असा असेल, तर निकाल पुन्हा रांगेच्या हाती. म्हणून अशा बेरजांची तुलना करताना किती फरक चालेल, तेही आधी लिहून ठेवावं लागतं.

क्रमानंतर येते वेळ. कॅसँड्रासारख्या कोठारात एका नोंदीच्या तीन प्रती तीन यंत्रांवर ठेवता येतात. तीनपैकी दोघांनी होकार दिला की लिहिलं असं मानायचं, असं सांगता येतं. एखादं यंत्र बंद पडलं तरी काम थांबत नाही, हा मोठा फायदा. पण एकाच क्षणी एकाने ठिपका पुसला आणि दुसऱ्याने त्याच ठिपक्यावर काही नवं लिहिलं, तर कधी कधी ठिपका अर्धवट उरतो. तो आहे असं म्हणावं तर त्याची ओळख नाही, नाही म्हणावं तर एखादा गुणधर्म शिल्लक. जेनसग्राफच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत या उरलेल्या ठिपक्यांना चक्क भुतं म्हटलं आहे. बर्कली डीबीत व्यवहार एकतर पुरा होतो किंवा होतच नाही, त्यामुळे तिथे हे भूत निघत नाही. पुष्कळ ठिकाणी कॅसँड्रावर चाचणी घेतात, पण एकाच यंत्रावर. एका यंत्रावर एकच प्रत. मतभेद होणार कोणाशी? अशी चाचणी नेहमी उत्तीर्ण होते, आणि तिचा भरवसा धरणं धोक्याचं असतं. चाचणीत तीन यंत्रं हवीत, आणि मध्येच त्यातलं एक मुद्दाम बंद करून पाहायला हवं. आता एका संगणकाच्या आत वेगवेगळे कप्पे करून अशी यंत्रं काही मिनिटांत उभी करता येतात आणि काम झालं की मोडता येतात, त्यामुळे हे खर्चिक आहे ही सबबही फारशी उरलेली नाही.

शब्द शोधण्याचं काम जेनसग्राफ आणखी तिसऱ्यावर सोपवू शकतो, उदाहरणार्थ इलॅस्टिकसर्चवर. तिथे नवी नोंद लिहिली की ती शोधात दिसायला नेहमीच्या मांडणीत सुमारे एक सेकंद लागू शकतो. चाचणी त्या सेकंदाच्या आत विचारते आणि नापास होते. मग कंटाळून कोणीतरी चाचणीत ‘दोन सेकंद थांब’ असं लिहितो. चाचणी पास होते. पण ज्याने आत्ता फॉर्म भरला आणि लगेच शोधला, त्या माणसाला कोणी दोन सेकंद थांबायला सांगितलेलं नाही. खरं म्हणजे तो सेकंद लपवायचा नसतो. किती वेळात दिसलं पाहिजे हे ठरवायचं, आणि तेवढ्या मुदतीत दिसतं का, हे पुन्हा पुन्हा विचारून तपासायचं.

आता आपल्या मराठीचा प्रश्न. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. यातला ऱ हा एका स्वतंत्र संकेतानेही टाइप होतो, आणि र खाली नुक्ता देऊनही होतो. शिवाय र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरूनही तोच आकार उमटतो. कागदावर तिन्ही सारखे. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणात पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. तीच गोष्ट ‘ॲडव्होकेट’ मधल्या ॲ ची. तो एका संकेताचा आहे, २००८ साली युनिकोडमध्ये आलेला. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन तो लिहीत होते. हे दोन्ही त्या सामान्यीकरणात एक होत नाहीत. शोधयंत्राला भारतीय लिप्यांची अशी रूपं सारखी करायला शिकवता येतं. पण कोठारातली नेमकी जुळणी संकेतास संकेत अशी होते. म्हणजे एका दारातून विचारलं तर वकीलसाहेब सापडतात, दुसऱ्या दारातून विचारलं तर असा माणूसच नाही. चाचणीच्या नमुन्यात फक्त मार्को आणि पीटर असतील, तर हे कधीच कळणार नाही. ज्या लोकांसाठी प्रोग्राम आहे, त्यांची नावं नमुन्यात हवीत.

इथे एक सावधगिरीही सांगतो. सगळ्या कोठारांचं एकमत झालं म्हणजे उत्तर बरोबर, असं नाही. नावं क्रमाने लावायला सांगितली की संगणक बहुधा संकेतांच्या क्रमाने लावतो. त्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, क्ष हा क च्या घरात जातो, आणि ॲ ने सुरू होणारी नावं ह च्याही नंतर. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे शेवटी. तिन्ही कोठारं तीच यादी देतील, आणि तरीही ती मराठी वाचकाच्या दृष्टीने चुकलेली असेल. तिघा साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली, पण तिघांनी ती एकाच माणसाकडून ऐकली होती, असा तो प्रकार. म्हणून हाताने काढलेल्या उत्तराला पर्याय नाही.

आणि सगळी कोठारं सगळ्याच बाबतींत सारखी असू शकत नाहीत, हेही मान्य करायला हवं. कोणाला व्यवहार मागे घेता येतो, कोणाला नाही. कोणी ओळख क्रमांक बाहेरून घेतो, कोणी स्वतःच देतो. टिंकरपॉपने यासाठी एक चांगली शिस्त घातली आहे. एखाद्या कोठाराला एखादी चाचणी देता येत नसेल तर तो सूट मागू शकतो, पण सूट का हवी, ते तिथेच कोडमध्ये लिहावं लागतं. नुसती चाचणी गुपचूप वगळता येत नाही. मला ही पद्धत फार आवडते. फरक असणं गैर नाही. तो कुठे आहे आणि का आहे, हे नंतर येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे.

त्या वित्तसंस्थेत पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. रांग ठरवून द्यावी, नव्या नोंदी आधी आणि जुन्या नंतर, अशी पहिली सूचना आली. चाचण्या हिरव्या झाल्या असत्या. पण बैठकीत कर्जविभागातल्या एका जुन्या बाईंनी विचारलं, ‘अहो, झेरॉक्सच्या दुकानाचा नंबर हे नातं आहे का?’ त्यानंतर ठरलं, की फार लोकांनी दिलेला नंबर जोडणी म्हणून धरायचा नाही. आणि त्या नंबरमुळे आधी ज्यांना नकार गेला होता, त्यांचे अर्ज काढून पुन्हा तपासायचे. हे दुसरं काम कोणत्याही चाचणीने सुचवलेलं नव्हतं. यंत्राने एवढंच दाखवलं, की दोन कपाटं दोन उत्तरं देत आहेत.

तेव्हा श्रोतेहो, पुढे कधी एखाद्या कार्यालयात खिडकीपलीकडून ‘संगणक असंच सांगतो’ असं ऐकू आलं, तर गप्प बसू नका. संगणकाला नेमकं काय विचारलं, आणि माझं कोणाशी नातं काढलं, एवढे दोन प्रश्न शांतपणे विचारा. उत्तर मिळायला वेळ लागेल, कदाचित दोन खेपा घालाव्या लागतील. पण ते विचारलं गेलं की आतल्या कोणाला तरी तो प्रश्न पुन्हा वाचावा लागतो.

नमस्कार.